सव्वासोळा इंचांचा बाक

कामाची तयारी म्हणजेच काम, असं मानणारी माणसं जगात पुष्कळ असतील. त्या सगळ्यांनी उद्या आपला पुढारी निवडायचं ठरवलं, तर आमचे थोरले साडू बिनविरोध निवडून येतील. मौद्याकडच्या एका वीजकेंद्रात त्यांनी नोकरीभर यंत्रांच्या फटी मोजल्या. निवृत्तीनंतर मोजायला फटी उरल्या नाहीत, तेव्हा ते सुतारकामाकडे वळले. वळले म्हणजे इतकंच, की भंगारातून एक लोखंडी रंधा उचलून आणला आणि पुढची पाच वर्षं त्याला सुधारत बसले. दर रविवारी लकडगंजला जायचं, सागाच्या फळीवरून हात फिरवायचा, नाक लावून वास घ्यायचा, एक डोळा मिटून तिची कड बघायची आणि स्थळ नाकारावं तसं हात जोडून परत यायचं, हा त्यांचा नेम. घरी एखाद्या तुकड्यावर रंधा मारायचे तोही फक्त साल किती पातळ निघतं ते बघायला. ते साल वर्तमानपत्रावर ठेवून आल्यागेल्याला खालची अक्षरं वाचायला लावत. एकदा मी चष्मा विसरलो होतो. ‘काही दिसत नाही’ म्हणालो, तर बिचाऱ्यांनी दोन दिवस खपून पातं पुन्हा पाजवलं. या सगळ्या काळात त्यांच्या हातून एक पाटसुद्धा झाला नाही.

खरं तर करायचं होतं ते फार थोडं होतं. ताईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, एक बाक हवा होता. त्यांचे गुडघे गेले होते. खाली बसता येत नव्हतं आणि खुर्चीवरून पाय लोंबकळत. हिवाळ्यात मागच्या दारी उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलायच्या, एवढीच त्यांची हौस. साडूंनी आनंदानं होकार दिला आणि मापं घ्यायला सुरुवात केली. ताईंच्या गुडघ्याची उंची त्यांनी सकाळी मोजली, संध्याकाळी सूज आल्यावर मोजली, चप्पल घालून मोजली, चप्पल काढून मोजली. शेवटी सव्वासोळा इंच ठरले. फळीही एकदाची पसंत पडून घरी आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तोवर ताई रंगाच्या रिकाम्या डब्यावर उशी टाकून बसू लागल्या. ‘अहो, होऊन जाऊ द्या ना आता,’ त्या म्हणत. साडू म्हणत, ‘काहून घाई करून राहिली वं? या पात्यानं सागाचे रेषे उपटतात. तुले खडबडीत बाक देऊ काय?’

मग माझा मुलगा कंपनीच्या कामानं जपानला गेला आणि येताना त्यांच्यासाठी रंध्याचं पातं घेऊन आला. साडूंनी हात धुतले, तेलकट कागद उलगडला, पातं देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकू लावलं आणि मला समोर बसवून घेतलं. पातं दोन थरांचं होतं, जाड मऊ लोखंडाला चिकटवलेला कडक पोलादाचा पातळसा थर. ‘पोलाद एकटं असलं तं तडकते, साडूभाऊ,’ ते म्हणाले, ‘अन् लोखंड एकटं असलं तं धारच धरत नाही. हा चकचकीत थर दिसते न, सारी करामत याची. लोखंड नुसतं पाठीशी उभं.’ आतून ताईंचा आवाज आला, ‘आपल्या घरात लोखंड कोण, तेही सांगून टाका त्यांना!’ हे व्याख्यान मी पुढे इतक्यांदा ऐकलं, की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. पातं जाड असल्यानं रंध्याच्या तोंडात मावेना. ते तोंड कानशीनं रुंद करण्यात चार महिने गेले. मग धार लावायला चांगला दगड हवा, म्हणून दगडाचा शोध सुरू झाला. ताई डब्यावरच होत्या.

एके दिवशी साडू लग्नासाठी दोन दिवस कन्हानला गेले असताना ताईंनी पातं कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं. ‘भाऊजी, ते येईपर्यंत एवढी धार लावून आणा. नाही तर याच डब्यावरून मला वर न्यावं लागेल.’ आम्ही दोघंही हसलो. मी लकडगंजला करवतीला धार लावणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे गेलो. त्यानं पातं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, ‘कोन्या बाजूनं घासू?’ ते व्याख्यान इतक्यांदा ऐकलेला मी! सारी करामत चकचकीत थराची, हे मला पाठ. मी ऐटीत सांगितलं, ‘चकचकीत बाजूनं. चांगलं दाबून.’ त्यानं मान हलवली, पण गिऱ्हाईकाच्या शब्दाबाहेर गेला नाही. चाकावर ठिणग्या उडाल्या, पोलादाची कड निळी पडली आणि टोकाशी उरलं ते नुसतं मऊ लोखंड. धारेचा उतार लोखंडाच्या बाजूनं द्यायचा असतो, हे मला साडूंचा चेहरा बघून कळलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पातं खिडकीशी नेलं आणि बराच वेळ बघत राहिले. ‘मीच दिलं होतं,’ ताई म्हणाल्या. आणि मी, साठी उलटलेला माणूस, चटकन बोलून गेलो, ‘धार लावणाऱ्यानं उलटी बाजू घासली हो.’ साडू एवढंच म्हणाले, ‘होते कधी कधी. घासून काढू.’ जळलेला भाग नखाएवढाच होता, पण तो चाकाला न लावता हातानं, दगडावर, पाणी घालत काढायचा होता. त्याला हिवाळा गेला आणि उन्हाळाही गेला. पावसाळ्यात ताईंना साधा ताप आला, तो छातीत उतरला आणि आठ दिवसांत ताई गेल्या.

परवा मी साडूंकडे गेलो, तर मागच्या दारी बाक होता. इतकं सुंदर लाकूडकाम मी कुठे पाहिलेलं नाही. हात फिरवला तर फळी गार पाण्यासारखी लागली. साडू शेजारी त्या रंगाच्या डब्यावर बसले होते. माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हणालो, ‘उलटी बाजू मीच सांगितली होती. त्या म्हाताऱ्याची चूक नव्हती. माझ्यामुळे सारं लांबलं.’

‘मालूम आहे मले,’ ते म्हणाले. ‘त्यानंच सांगतलं होतं, तवाच. तुमाले थर समजावला, बाजू नाही समजावली. माहीच चूक.’ मग म्हणाले, ‘घासत होतो तवा ती इथंच बसे, या डब्यावर. दगडावर पाणी टाके. म्हणे, तुमचं चालू द्या, मी आहे.’

विचारायचं म्हणून विचारलं, ‘बाकाला किती दिवस लागले?’

‘तीन,’ ते म्हणाले आणि बाकाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. ‘तीनच दिवसाचं काम होतं, साडूभाऊ. जुन्या पात्यानंही झालं असतं.’

त्यांनी मला बाकावर बसायला सांगितलं. मी बसलो. माझे गुडघे वर आले. बाक मला थोडा बुटका होता.