सही अमान्य

रबराच्या कारखान्यात सगळे त्याला ठिपक्या म्हणत. कोडमधल्या एका ठिपक्यावरून तो कुणाशीही हमरीतुमरीवर यायचा. कंट्रोल रूमचा प्रोग्राम संगणकाच्या एका भाषेत होता, रबर दाबणाऱ्या रुळांचा दुसऱ्या भाषेत. प्रत्येक संदेशाच्या मजकुरावरून दोन्ही प्रोग्रामनी आपापली गुप्त सही काढायची. जुळली तरच यंत्र हुकूम ऐकणार. बाहेरच्या कुणी लुडबुड करू नये म्हणून ही तटबंदी ठिपक्यानंच उभारली होती. चाचण्यांत सह्या हुबेहूब जुळल्या, तेव्हा गडी हवेत होता.

त्या दुपारी रबराबरोबर रूळवाल्याचा हात आत ओढला गेला. रूळ थांबवायचं लाल बटण पलीकडच्या अंगाला, हात न पोचणारं. त्याची किंकाळी काच भेदून कंट्रोल रूममध्ये शिरली. तिथं पाळीवर त्याचाच मेहुणा होता. कारण लिहिल्याशिवाय थांबण्याचा हुकूम सुटत नसे. घाबरून त्यानं आपल्या मराठीत लिहिलं, ‘हात अडकला’.

सही अमान्य.

पुन्हा दाबलं. पुन्हा अमान्य. रूळ हाडं चिरडत कोपराच्या वर चढले. कुणीतरी धावत जाऊन अख्ख्या कारखान्याची वीज पाडली, तेव्हा कुठं ते थांबले.

ठिपक्या दारात दिसताच मेहुण्यानं त्याची मानगूट धरली. “तुझ्या सहीनं गिळला रे त्याला!” पहिल्याच ठोशात पुढचे दात गेले. मग कीबोर्ड डोक्यात बसला. लोकांनी ओढून काढला म्हणून जीव वाचला.

वीज आल्यावर, तोंडात रुमाल कोंबून, ठिपक्यानं दोन्हीकडचे संदेश शेजारीशेजारी उघडले. एक प्रोग्राम मराठी अक्षरं जशीच्या तशी ठेवून सही काढत होता, दुसरा आधी त्यांचे सांकेतिक आकडे करून. इंग्रजी अक्षरं दोघंही तशीच ठेवत, म्हणून तिथं फरक पडत नव्हता. आणि चाचण्या त्यानं सगळ्या इंग्रजीत घेतल्या होत्या.

“त्याच्यावर मारहाणीची तक्रार दे,” मॅनेजर मागून म्हणाले. “सगळं त्याच्याच गळ्यात पडेल.”

“आणि हे?”

“हे पुसून टाक.”

ठिपक्यानं त्यांना कॉलर धरून काचेवर आदळलं. काच तडकली. नोकरी तिथंच गेली. पण बाहेर पडण्याआधी त्यानं चौकशीला आलेल्या पोलिसांना पडद्यावरचं सगळं दाखवलं.

संध्याकाळी, ओठाला टाके घालून, तो रूळवाल्याच्या दवाखान्यात गेला. रूळवाल्याचा हात खांद्यापासून काढला होता. रूळवाल्याच्या बायकोनं ठिपक्याला ओळखलं आणि त्याच्या सुजलेल्या तोंडावर फाडकन चपराक लगावली. टाके उसवले. तो हलला नाही.

मेहुण्यानं बहिणीला मागं खेचलं. “तुझ्या घरी जा, वहिनीला सांग, धुऊन देईल ते,” तो रक्ताकडं बघत म्हणाला. “इथं परत येऊ नकोस.”