मांडवगणचे अमेरिकन खांब

प्लॅन काढणाऱ्याच्या हापिसातले कागद रद्दीत जातात, किस्से मात्र माळ्यावरच साठत राहतात. शिरूरला एसटी स्टँडजवळ, खताच्या दुकानावर शितोळे साहेबांचं हापिस होतं. नव्वदीच्या शेवटाला मी तिथं ट्रेसिंगला होतो. ड्रॉइंग कमी, उद्योग जास्त!

साहेबांकडं फोटोंचं एक जाडजूड पुस्तक होतं. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांतल्या शंभर-दीडशे वर्षांच्या इमारती. ग्रीक खांबांच्या बँका, टोकदार कमानींची चर्चं. शेवटचं पान कोरं. साहेब म्हणायचे, "हापिस बंद करायच्या आत असं एक तरी घर बांधीन आन् त्याचा फोटो इथं चिकटवीन."

गिऱ्हाईकं म्हणायची, "साहेब, स्लॅब टाका, गॅलरी काढा, बास!"

*

एक गिऱ्हाईक चर्चच्या फोटोवर अडकलं. भिंतीवरनं दगडी राक्षस बाहेर डोकावतोय, तोंडातनं पावसाचं पाणी पडतंय.

"ह्यो कोन?"

मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "घरमालकाचा व्याही. तिकडं पद्धतच हाय."

गडी विचारात पडला. "मला दोन व्याही हायती. दोन्ही कोपऱ्यांना बसतील का?"

साहेबांनी आठ दिवस मला पुस्तकाला हात लावू दिला नाही.

*

मग आले मांडवगण फराट्याचे आबा, ऊसवाले. पानं उलटली आन् बोट ठेवलं ते थेट सहा खांबांच्या बँकेवर.

"ह्येच पायजे."

साहेबांचा चहा बशीतच निवला.

"पर ह्ये खांब अमेरिकेचेच ना?"

"मूळचे ग्रीसचे, आबा. अमेरिकेनं त्यांचं बघून केलं."

"म्हंजी आपुन नकलेची नक्कल करायची?"

"व्हय."

"मग हरकत न्हाई. माझं गोठ्याचं शेडबी शेजाऱ्याचं बघूनच केलंय."

*

खांबांची आखणी करायच्या दिवशी आबांनी स्वतः दोरी धरली. "पाऊस आला म्हंजी उसाची ट्रॉली मधनं पडवीत घेता आली पायजे."

"आबा, हे देवळासारखं प्रमाणात असतं हो!"

"ट्रॉलीबी प्रमाणातच हाय."

मधले दोन खांब लांब सरकले. साहेब दोन दिवस हापिसात आलेच नाहीत.

*

घर झालं. पांढरंशुभ्र. साहेब कॅमेरा घेऊन गेले, तर मधल्या दोन खांबांच्या बरोबर मधोमध काळी बाहुली लटकलेली. दृष्ट लागू नये म्हणून.

"आबा, फोटोपुरती काढा की."

"आन् तेवढ्यात लागली म्हंजी?"

साहेब फोटो न काढताच माघारी फिरले. पान कोरंच राहिलं. स्कूटरवर मागं बसून मी त्या दिवशी एकही चेष्टा केली नाही.

*

दोनेक वर्षांनी आबांच्या पोरानं रांजणगावच्या कंपनीत मशीन बसवायला आलेला एक अमेरिकन इंजिनिअर घरी जेवायला आणला. इंग्रजीसाठी मला बोलावलं. ती चूक त्यांची!

पाव्हणा जीपमधनं उतरला आन् खांबांकडं बघतच राहिला. शिकागोत त्याच्या आजोबांचं असंच घर होतं म्हणे. पाडून पार्किंग केलं. बराच वेळ खांबाला हात लावून उभा होता बिचारा. मग त्यानं बाहुलीकडं बोट केलं.

"व्हॉट इज दॅट?"

आबा माझ्याकडं बघायला लागले. मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "नो डॉल, नो पिलर."

त्यानं ते वहीत लिहून घेतलं. जाताना हापिसात येऊन साहेबांकडनं प्लॅनची झेरॉक्स नेली.

दुसऱ्या वर्षी हापिसच्या पत्त्यावर परदेशी तिकिटाचं पाकीट आलं. आत एकच फोटो. सगळीकडं बर्फ. नवंकोरं पांढरं घर, सहा खांब, मधले दोन ट्रॉलीपुरते लांब. आन् मधोमध काळी बाहुली!

साहेबांनी दोनदा चष्मा पुसला. मला डिंक आणायला धाडलं. फोटो कोऱ्या पानावर चिकटवला, वरनं तळहातानं दाबून धरला आन् तसंच पुस्तक काखेत मारून मांडवगण गाठलं.

आबांनी ओसरीवर बसून फोटो लांबनं बघितला, जवळनं बघितला.

"बाकी समदं झ्याक हाय, साहेब," म्हणाले. "फकस्त बाहुली जरा खाली बांधलीय."