मुरायच्या आधीची दारू

संध्याकाळी जानेफळच्या स्टॉपवर उतरून घरी पोचले की आई लगेच पाण्याचा तांब्या देत नाही. जवळ येते आणि म्हणते, "तोंड उघड वं." मग वास घेते. "गिळली तं नाही ना?"

"नाही."

मग पाणी मिळतं.

मी माल्ट व्हिस्कीच्या कारखान्यात, लॅबमध्ये काम करते. भट्टीतून नुकतीच उतरलेली दारू पाण्यासारखी स्वच्छ असते. लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरल्यावर तिला रंग येतो. ती पिंपात भरण्याजोगी आहे का, हे आम्ही आधी चाखून ठरवतो. पाणी घालायचं, वास घ्यायचा, घोट तोंडात फिरवायचा आणि बेसिनमध्ये थुंकायचा. डब्यात विसरलेल्या मोडाच्या मटकीसारखा वास येतो, त्याच्यामागून कच्च्या सफरचंदाचा. दुपारपर्यंत जीभ सुन्न होते. डब्यात भाजी कसली आहे, ते मला बघूनच कळतं.

आई रोज विहारात जाऊन पंचशील म्हणते. पाचवं शील मद्य न घेण्याचं. जे थुंकलं ते घेतलं नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली आहे. माझीही समजूत तीच.

मग नवे साहेब आले. घशात उतरल्याशिवाय शेवटची चव कळत नाही, म्हणाले. चाखणाऱ्यांत राहायचं तर एक घोट गिळावाच लागेल.

शेजारचा सहकारी म्हणाला, "मॅडम, लोक याच्यासाठी लाइन लावतात अन् तुम्ही थुंकून राह्यल्या!" सगळे हसले. मीही हसले असेन.

"सॉरी सर, आय वोन्ट," मी म्हणाले. इंग्रजीत नकार देणं मला सोपं जातं. मराठीत लोक कारण विचारतात. साहेबांनी मराठीतच कारण विचारलं. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मला गोदामात पाठवलं, बार्लीच्या दाण्यांतला ओलावा तपासायला. तात्पुरतं, म्हणाले.

त्या संध्याकाळी आईनं वास घेतला. पुन्हा घेतला. माझ्या केसांत भुसा होता.

"आज वासच नाही." तिचा चेहरा उतरला. "काऊन वं? काम तं नाही ना सुटलं?"

"नाही. जागा बदलली."

ती तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.

"माह्यापायी झालं का हे?"

"पाणी दे आधी," मी म्हणाले.