पेंडीच्या खोलीतला दवाखाना

रिकाम्या दवाखान्याला आणखी एक खोली नको म्हणून गावाशी भांडलेल्या आमच्या डॉक्टरबाई काल गेल्या.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. गाव राधानगरीच्या वाटेवरचं, आणि मी तिथल्या दूध डेअरीचा सेक्रेटरी.

सरकारी दवाखाना गावाबाहेर माळावर. गरोदर बायकांची तपासणी मंगळवारी दहाला. बाई बदलून आल्या तेव्हा टेबल, काटा, नर्स, सगळं तयार.

बायका तेवढ्या नाहीत.

त्यातच वरून निधी आला. सरपंच म्हणाले, "एक खोली वाढवूया."

बाई म्हणाल्या, "रिकाम्या खोलीला रिकामी खोली जोडून काय होणार, अण्णा?"

रोग रेड्याला नि औषध पखालीला, त्यातला प्रकार.

सरपंच तापले. "दिवाळीपतोर बायका आणून दाखवा. न्हाईतर खोली होणार म्हंजे होणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई डेअरीत हजर. उपड्या कॅनवर बसून रांगेकडे बघत राहिल्या.

"काका, इथं रोज एवढ्या बायका येतात. माझ्याकडे का येत नाहीत?"

"इथं दुधाचं बिल मिळतंय, बाई. तुमच्याकडं सुई."

हसल्या. उठून रांगेतल्या शांताक्काला तोच प्रश्न.

"दहाला आम्ही रानात असतो की," शांताक्का म्हणाली. "रोजगार कोण बुडवायचा?"

माझ्या घरात तरी काय वेगळं होतं? सून सातव्या महिन्यात, पाय सुजलेले. मी सांगून थकलो. कारभारणीचं एकच, "आम्ही न्हाई का बाळंत झालो?"

बाईंनी मंगळवारची तपासणी उचलून थेट डेअरीत आणली, दूध घालायच्या वेळेला. माणसांचा काटा दुधाच्या काट्याशेजारीच मांडला.

पहिली बाई काट्यावर चढली आणि दुधाची फॅट मोजणारा बाळू बोलला,

"वैनी, फॅट किती लागली?"

सगळी डेअरी हसली. ती उतरली, किटली उचलून चालू पडली. तिच्यामागं बाकीच्या.

मला वाटलं, झालं. आता खोलीच.

बाई मात्र विचारात. "काका, पुरुष नसतील अशा कुठल्या जागी या बायका थांबतात?"

"पेंडीच्या खोलीत. जनावरांची पेंड न्यायला जातात नि गप्पा लांबतात."

पुढच्या मंगळवारी काटा पेंडीच्या खोलीत. दाराला जुन्या लुगड्याचा पडदा. खर्च म्हणाल तर खिळ्यांचा, तेही मी दिले.

पोत्यांवर बसून बोलता बोलता बायका तपासून घ्यायला लागल्या. आमची सूनही गेली. पेंड आणायला कोण नको म्हणणार?

पडदा सरला. बाई बाहेर आल्या त्या चेहरा बदलूनच.

"काका, हिचं बीपी फार वाढलंय. घरी विचारत बसू नका. जीप काढते, कोल्हापूरला चला."

सून जीपमध्ये बसता बसता म्हणते, "मामंजी, पेंड न्यायची ऱ्हायली की."

नात दिवस भरायच्या आधीच झाली. ओंजळीएवढी. पण दोघी घरी आल्या.

दिवाळीला सरपंच स्वतः बायका येतात का ते बघायला पेंडीच्या खोलीशी आले. शांताक्कानं आतूनच हटकलं, "अण्णा, गड्यांनी भाईर."

गेले. नव्या खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

मी एकदा बाईंना विचारलं, "हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय हो?"

"पुस्तकात एवढंच असतं, की पैसा जिथं जास्त माणसांच्या उपयोगी पडेल तिथं लावा. ती जागा कुठली, ते विचारत फिरावं लागतं."

गेल्या महिन्यात बाई आजारी पडून कोल्हापुरात दवाखान्यात होत्या, तेव्हा भेटायला गेलो. नात बरोबर होती. बाईंनी तिचा हात हातात घेतला.

मग हळूच मला, "काका, इथं भेटायची वेळ संध्याकाळची. ही तर धारा काढायची वेळ. कुणी ठरवली असेल?"

आज मंगळवार. दूध घालून झाल्यावर बायका पेंडीच्या खोलीत जरा थांबल्या. पडद्याबाहेर बाळू टोपी काढून उभा होता.

बाई, तुमची वेळ आम्हाला जमेना, म्हणून तुम्ही आमच्या वेळेला आलात.

नमस्कार. सावकाश जावा.