उसात गेलेले षटकार

या मातीला पराक्रमाची थोर परंपरा आहे. निदान जवळा बाजारच्या टेनिस बॉल स्पर्धेत प्रत्येक सामन्याआधी लाउडस्पीकरवरून तसं सांगितलं जाई. त्यानंतर वाटेत लावलेल्या मोटारसायकली काढायला सांगत.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. कापूस निघाला की रिकाम्या रानात सामने सुरू होत. त्याला आम्ही ‘सीझन’ म्हणत असू. सीझनभरात सर्वांत जास्त षटकार मारणाऱ्याला टेबलफॅन मिळायचा. त्या वर्षी झुंज दोघांतच होती: माझा थोरला भाऊ आणि डोंगरकड्याचा एक डावखुरा.

मैदानाला लागून ऊस होता आणि समितीकडे चेंडू मोजके. म्हणून नियम केलेला, चेंडू परत आला तरच षटकार धरायचा. डावखुऱ्याचे षटकार बांधावर पडत आणि लगेच हाती लागत. दादाचे थेट उसाच्या मधोमध जात. तो जितका लांब मारी, तितका मागे पडे.

“दादा, जरा हळू मार की,” मी म्हणायचो.

“हळू मारायला मी काय गोट्या खेळून राहिलो?”

तरी अंतिम सामन्यात दोघं बरोबरीत आले. शेवटच्या षटकात दादानं असा फटका मारला की पंच हात वर करायचं विसरून नुसता बघत राहिला. अर्धं गाव उसात शिरलं. उसाचा मालक ओरडत होता, “चेंडू शोधून राहिले का ऊस खाऊन राहिले रे?” ऊस मिळाला, चेंडू नाही. फॅन डोंगरकड्याला गेला.

आमचे वडील क्रिकेटला रिकामा धंदा म्हणत. त्या दिवशी मात्र ते बांधावर उभे असलेले मी पाहिले. घरी येताना दादाला म्हणाले, “काहून तोंड पाडलंस? त्याचे सापडून राहिले, तुझे सापडत न्हाईत. लांब कोनाचे गेले?”

पुढे ऊस तुटला. तोडणीवाल्यांनी चेंडू गोळा करून ठेवले होते. त्यांतला एक पार पलीकडच्या विहिरीपाशी सापडला. वडिलांनी ते सगळे टॉवेलात बांधले आणि आठवडी बाजारात समितीच्या अध्यक्षाला गाठलं.

“काका, सीझन संपला आता.”

“चेंडू कधीपर्यंत यावा, हे नियमात हाय का?”

नव्हतं. अध्यक्षानं चपलांच्या सेलवाल्याचा माईक घेतला आणि दादा यंदाचा षटकारांचा राजा असल्याचं जाहीर केलं. वडील भर बाजारात ताठ उभे राहिले. नंतर मी शाली-नारळांचे पुष्कळ सत्कार पाहिले, पण तसं उभं राहिलेलं कुणी पाहिलं नाही.

फॅन डोंगरकड्यात सुरू होता, तो तिथंच राहिला. चेंडू समितीनं ठेवून घेतले.