साळूबाईची सैल वीण

"माह्या विणलेल्या तट्ट्यामागं कंदील धरा आबा. उजेडाचा एक ठिपका जरी भायेर आला, तं हे मनगट कोयत्यानं तोडून देते तुमाला."

"मनगट घेऊन काय करू आक्का? माहा कांदा सडला. आन् तू आता बोलली ना, त्याच्यातच सगळं आलं. उजेड जात नाय, तं वारा कुठून जाईल?"

साळूबाईनं हातातला कोयता खाली ठेवला. निवृत्ती आबा अंगणात उभा होता. त्याच्या पायाला सडक्या कांद्याचा चिकटा होता आणि वास त्याच्या आधीच गल्लीत शिरला होता. पोळा तोंडावर आला होता. बुरूड गल्लीत पूर्वी असा आवाज चढला असता, तर दारादारातून डोकी बाहेर आली असती, कोणी साळूबाईची बाजू घेतली असती, कोणी नुसतीच मजा बघितली असती. आता एक कुत्रं तेवढं उठलं, अंग झटकून पुन्हा बसलं.

गल्लीत माणूसच उरलं नव्हतं. निफाडच्या अंगाला द्राक्ष, लासलगावच्या अंगाला कांदा, आणि मधे हे गाव. त्यामुळं बुरडाचा हात बारा महिने रिकामा नसायचा. द्राक्षाला पाट्या, कांद्याला टोपल्या, धान्याला कणग्या. नव्वद सालाच्या पुढं प्लॅस्टिकचे क्रेट आले. ते पावसात भिजत नव्हते, एकावर एक बसत होते, आणि बागाईतदाराला दर साली बुरडाच्या दारात यावं लागत नव्हतं. मग घरं उठायला लागली. कोणी नाशकात शिड्या बांधायला गेलं, कोणी सातपूरच्या कारखान्यात. साळूबाईचा पोरगा मनोज अंबडला कंपनीत लागला, तिथंच खोली घेतली. तिचा नवरा झुंबर मात्र कुठंच गेला नाही. एका दुपारी छातीत कळ आली आणि बांबूच्या कामट्यांच्या ढिगावरच आडवा झाला. सगळ्यात शेवटी साळूबाईची जाऊ भागीबाई गेली, लेकाच्या मागं पंचवटीला. जाताना तिनं आपलं कोंबडं साळूबाईला दिलं. ते पुढच्याच महिन्यात मुंगसानं नेलं.

बांबू फोडायचं काम एकट्याचं नाही. एकानं कोयता पुढं रेटायचा, दुसऱ्यानं बांबूचं शेपूट धरायचं. तीस वर्षं झुंबरनं शेपूट धरलं, मग भागीबाईनं. ती गेल्यावर साळूबाईनं बाभळीचं एक बेचकं फांदीसकट तोडून आणलं, अंगणात खोल रोवलं आणि बांबूचं टोक त्यात अडकवायला लागली. बेचकं बोलत नव्हतं, पण शेपूट सोडतही नव्हतं.

कांदा साठवायच्या चाळीचं तिनंच काढलं होतं. निवृत्ती आबाच्या चुलतभावानं लोखंडी पाइपाची नवी चाळ बांधली होती. आबाला लोखंड झेपणारं नव्हतं. त्याचा कांदा मातीच्या कुडाच्या खोपीत, वरून उसाचं पाचट, आणि पाऊस लागला की दर साली खालून काळा. साळूबाई आपल्या पायानं त्याच्या मळ्यात गेली. बांधावर बांबूची बेटं माजली होती. ती म्हणाली, बांबू तुमचा, हात माहे, भिंती विणून देते. कुजल्या तर मातीत जातील, लोखंडासारख्या गंजून पडणार नाहीत. आबाला पटलं.

मनोजलाही तिनं तेव्हाच सांगून टाकलं होतं. पोळ्यापर्यंत हा कांदा टिकला तर मला काम आहे, मी तुझ्याकडं राहायला येत नाही. नाही टिकला तर टेम्पो घेऊन ये.

आणि मग तिनं जीव ओतला. कामट्या अशा बारीक सोलल्या की हातावरून रेशमागत सरकाव्या. वीण अशी आवळली की मुंगीला वाट सापडू नये. झुंबर गेल्यापासून एवढं चांगलं काम तिच्या हातून झालं नव्हतं.

ते सगळं आता आबाच्या पायाला चिकटून दारात आलं होतं.

ती त्याच्यामागं मळ्यात गेली. चाळीतला कांदा वरून बरा दिसत होता. तिनं बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. आत ऊब होती. गरम भाकरीवर टोपली पालथी घालावी, तशी. तिनं हात काढला, लुगड्याला पुसला आणि खालीच बसली.

झुंबरच्या घरात एक रीत होती. नवी सून आली की तिनं टोपली विणायची. ती सासऱ्यानं विहिरीवर न्यायची आणि तिच्यात पाणी भरायचं. पाणी किती वेळ दम धरतं, त्यावर सुनेची पारख. साळूबाईची टोपली सासऱ्यानं विहिरीवरून पिंपळापर्यंत चालत आणली तरी तळाला पाणी होतं. त्या दिवसापासून तिला घरात मान होता. झुंबर तर तयार झालेली प्रत्येक वस्तू उन्हापुढं धरायचा. ठिपका दिसला की तोंडानं एक शब्द नाही. पुढ्यात बसून सगळी वीण उसवायचा. बायकोची असो नाहीतर स्वतःची. तीस वर्षं असं झाल्यावर तिच्या बोटांना फट म्हणजे पापच वाटायला लागलं होतं. कांद्याला श्वास लागतो, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. बोटांना माहीत नव्हतं.

"चूक माही हाय आबा," ती म्हणाली. "भिंती बदलून देते. एक साल द्या."

आबानं बराच वेळ तंबाखू मळली. मग म्हणाला, पुढच्या साली अर्धा कांदा खोपीत आणि अर्धा तुझ्या भिंतीत. पुन्हा सडला तर माझ्या दारात येऊ नको, आणि गावात दुसऱ्या कुणाच्या दारातही जाऊ नको.

पोळा झाल्यावर मनोज टेम्पो घेऊन आला. तिनं सामान बांधलेलं नव्हतं. तो चिडला. लोकांच्या कांद्यापायी तू इथं एकटी काय करू राह्यली, म्हणाला. तिनं त्याला पिठलं-भाकर वाढली आणि रिकामा टेम्पो परत पाठवला.

थंडीत ती सैल विणायला बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला विणता येईना. बोटं आपोआप आवळायची. मन इकडंतिकडं गेलं की मागं चार ओळी घट्ट. उसवायची, पुन्हा धरायची. शेवटी तिनं डाव्या हाताचा आंगठाच दोन कामट्यांच्या मधे ठेवला आणि त्याच्याभोवती वीण घेतली, मग आंगठा ओढून काढला. आंगठा सुजला. तेव्हा जुन्या औताची खुंटी शोधली आणि तिच्यावर विणायला लागली. तर दुसरंच निघालं. सैल विणलेल्या कामट्या जागा सोडतात, एकीकडं चिकटतात, दुसरीकडं भगदाड पडतं. मग वीतभर अंतरावर दोन बारीक कामट्यांचा पीळ घातला, तेव्हा तट्टा जागेवर राहिला. तळालाही तसाच तट्टा, खाली दगड, म्हणजे वारं बुडातूनही शिरावं.

हे सगळं तिनं कुणाला तरी सांगितलं असतं. पण सांगायचं कुणाला? आबाला कांदा कळत होता, वीण कळत नव्हती. वीण कळणारी सगळी नाशकात होती.

आखाजीच्या सणाला भागीबाई चार दिवस आली. अंगणात तट्टे उभे करून ठेवलेले होते. ती दारातच थबकली.

"डोळे गेले का काय गं बाई तुहे? हे काय विणलं, कोंबड्याचं खुराडं?"

साळूबाईनं तिला बसवलं, चहा दिला आणि सगळं समजावून सांगितलं. खुंटी दाखवली, पीळ दाखवला. भागीबाईनं ऐकलं, मान हलवली. पण हात लावून काही तिनं तट्टा बघितला नाही. कप खाली ठेवताना एवढंच म्हणाली, "भाऊजींनी पाह्यलं असतं तं?"

"पाह्यलं असतं तं उसवलं असतं," साळूबाई म्हणाली.

मग दोघी भागीबाईच्या नातवंडांविषयी बोलल्या. जाताना भागीबाईनं जुना घट्ट विणीचा एक टोपला मागून नेला, नाशकात दाखवायला.

वैशाखात कांदा भरला. पाऊस लागला. साळूबाई काही ना काही निमित्त काढून मळ्याकडं जायची, चाळीच्या भिंतीला नाक लावून उभी राहायची. वारा कामट्यांतून आरपार जायचा तेव्हा बारीक शीळ वाजायची. आबाची बायको कुसाबाई गोठ्यातून विचारायची, "कांद्याला भेटायला आली का आक्का? चार दिस माहेराला घेऊन जा त्याला." साळूबाई हसायची आणि घरी यायची. घरी कुणी तिची थट्टा करत नव्हतं. म्हणून तिचा पाय त्या वाटेला जरा जास्तच वळायचा.

पोळ्याच्या आधी आबानं दोन्हीकडचा कांदा काढायला घेतला. खोपीतला नेहमीसारखाच, तळाला काळा चिखल. मग तिच्या चाळीचं फळकूट उघडलं. कांदा खळखळत बाहेर आला, कोरडा, साल उडालेला, हातात घेतला की टणक. आबा खालपर्यंत गेला, तळात हात घालून बघितला. कुठं ओल नाही. एका कोपऱ्यात मात्र हातभर जागेत कांदा काळा पडलेला. आबानं तिथली भिंत चाचपली. तेवढ्याच तुकड्यात वीण गच्च होती.

"इथं डुलकी लागली व्हती का आक्का?"

"नाय आबा. इथं बोटांचंच ध्यान लागलं व्हतं."

आबा पहिल्यांदा हसला. म्हणाला, पुढच्या साली खोप मोडतो, सगळा कांदा तुझ्याकडं. वरच्या मळ्यातले दोघंजण विचारून गेले, त्यांनाही सांगतो.

तिनं किराणा दुकानातल्या नाणं टाकायच्या डब्ब्यावरून मनोजला फोन लावला. कांदा टिकला, टेम्पो आणू नको, म्हणाली. पलीकडं कंपनीतलं यंत्र चालू होतं. तो "बरं" म्हणाला. त्या "बरं"मध्ये सुटल्यासारखं काही होतं का, हे तिनं लय खोदलं नाही. नातवाचं विचारलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात आली. वरच्या मळ्यासाठी नमुन्याचा एक तट्टा करून ठेवला होता. सवयीनं तिनं तो दोन्ही हातांनी उचलून उन्हापुढं धरला. सगळं ऊन तोंडावर आलं. तिनं डोळे मिटले, एक शिवी हासडली आणि तट्टा भिंतीला टेकवला.

मग हिरवा बांबू ओढत आणला, त्याचं टोक बेचक्यात घातलं, दोनदा हिसडा देऊन पक्कं बसलं का ते बघितलं, आणि कोयता लावला.