ऐन-लाम-मीमचा धातू

रायपूर राजधानी झाले आणि तात्यापाऱ्यातील आमच्या घरासमोरचा रस्ता जणू कायमचा खोदला गेला. त्या खडखडाटात मी नातीला अरबी शिकवली. माझी हयात शाळेत संस्कृत शिकवण्यात गेली. अरबी मी निवृत्तीनंतर व्याकरणाच्या पुस्तकावरून शिकलो होतो. नात परिचारिका. तिला आखातातील एका रुग्णालयात नोकरी हवी होती. दुसरा विषयच तिला सुचत नसे. मुलाखतीत अरबी विचारतात, असे तिच्या कानावर आले होते.

मी ऐन-लाम-मीम या तीन अक्षरांच्या मुळापासून आरंभ केला. इल्म, तालीम, मालूम हे शब्द त्याचेच. अलिमा, त्याने जाणले. अल्लमा, त्याने शिकवले. तअल्लमा, तो शिकला. रूपे म्हणण्याची आमची रीत एकच: ताठ उभे राहून, हात मागे बांधून, खणखणीत आवाजात. नात मात्र रूपे पोळ्या लाटताना म्हणे.

"हात मागे."

"पोळी जळंल, आजोबा."

"अल्लमा म्हणजे?"

"मालूम है."

"अर्थ सांग. मराठीत."

"शिकवलं. काहून छळता? 'कुठं दुखते' ते सांगा ना. पेशंटले धातू म्हणून दाखवू का?"

"मूळ पक्के झाले की वाक्ये येतात."

"कब? सोमवारी मुलाखत आहे!"

मुलाखत नागपूरला होती. परतल्यावर तिने पिशवी खाटेवर आदळली.

"साहेब अरबीत काहीतरी बोलले. मी हात मागं बांधले न् सगळा धातू म्हटला. सगळे हसून राहिले होते. मागून कळलं, ते मले बसायले सांगत होते."

"रूप कोठे चुकले?"

"आजोबा!"

"चुकले का?"

"नहीं चुका."

मग हसण्यासारखे काय होते, ते मला आजतागायत कळलेले नाही. नोकरी गेली असे धरून ती माझ्याशी बोलेनाशी झाली. पुढे तिची निवड झाल्याचे कळले. त्यांना सलाईन लावणारा सराईत हात हवा होता. भाषा ते तिकडे शिकवणारच होते. हे आधी सांगायला काय हरकत होती?

ती आखातात गेली. शुक्रवारी फोन येई. घरी जन्मभर मराठीत हिंदी मिसळणारी ही मुलगी तेथून मात्र फक्त मराठीत बोले, कारण मराठी न कळणाऱ्या खोलीतल्या मैत्रिणींविषयीच्या तक्रारी त्यांच्यादेखतच सांगायच्या असत. तिचे मराठी सदोष होते. मी वाक्यागणिक थांबवून दुरुस्त करी.

फोनच्या वेळी खोदकामाचे यंत्र बंद ठेवा, असे मी रस्त्यावरच्या मुकादमाला दर शुक्रवारी बजावत असे. त्याने ते कधीही ऐकले नाही.